पितळ गोठ्यापासून लांब ठेवा

आमच्या परभणीकडच्या घरी आजीची पितळी घागर गोठ्यालगतच्या खोलीत कित्येक पावसाळे पडून होती. बाहेर काढली तर गळ्याशी केसासारख्या बारीक उभ्या चिरा! पाणी भरलं की थेंब थेंब गळायचं. फार जीव हळहळला.

यामागचं कारण जुनं आहे. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेली काडतुसं अशीच तडकायची. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. ठोकून, ओढून घडवलेल्या पितळात ताण राहतो. मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा मिळाली की ते आपोआप फाटतं. याचा उलगडा 1921 साली झाला.

म्हणून हंडे, समया गोठ्यापासून, युरियाच्या पोत्यांपासून लांब, कोरड्या जागी ठेवा. दुकानातून आणलेल्या समईवर चकचकीत लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, असेल तर तिला चिंच-राखेने घासू नका. लेप ओरखडला की नेमकं तिथेच काळं पडतं. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा. रोजच्या भांड्याला लेप नकोच, आतून कल्हई करून घ्या. आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं पाणी पितळावर कधीही फवारू नका.