आंब्याचं ॲप काढताय? मोहोर असतानाच करायची तयारी

आंबा थेट विकायची कल्पना देवगड-रत्नागिरीत दर हंगामाआधी कुणाला ना कुणाला सुचते, आणि सुचली की पहिल्यांदा ठरतो लोगो. तो राहू द्या. डिझाइनच्या कागदाच्या पहिल्या पानावर फीचर नकोत, माणसं लिहा: डोंबिवलीत पेटी मागवणारी आणि इकडे पडवीत पेटी भरणारी. दुसरी बहुतेक कागदांत नसतेच. तिचे हात चिकाने माखलेले, रेंज अंगणाच्या एकाच कोपऱ्यात. तिला ऑर्डर नेट नसतानाही दिसली पाहिजे. 'भरली' हे बटण अँड्रॉइड सुचवतं त्या ४८ डीपीवर (डीपी म्हणजे पडद्यावरचा आकार मोजायचं एकक) भागवू नका, दुप्पट घ्या.

मग ऑर्डरपासून शेवटची फोड खाऊन होईपर्यंत काय काय घडतं ते क्रमाने लिहा. आंबा पोचतो हिरवा, कडक, आणि गिऱ्हाइकाला वाटतं फसवलं. म्हणून पेटी निघताच मेसेज जायला हवा: आंबे पेंढ्यावर किंवा कागदावर पसरा, पिकेपर्यंत फ्रिजात ठेवू नका. त्याचे शब्द आत्ताच कागदावर आणा. साका, म्हणजे आतला गर बिघडलेला असणं, तर कापल्यावरच कळतो, वरून फळ कितीही देखणं असो. तेव्हा तक्रार करणं पैसे भरण्याइतकंच सोपं हवं: कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवला की पुरे. बदली फळ देणार की पैसे, आणि तो खर्च भावात धरलाय का, हेही त्याच पानावर. इथे मोघम राहिलात तर मे महिन्यात फोन घेता घेता नाकी नऊ येतील.

'खरा देवगडच कशावरून?' हे विचारलं जाणारच. हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं. त्याखाली तुमची नोंदणी असेल तर क्रमांक दाखवा, नसेल तर बाग आणि गाव सांगा, उगाच शिक्के मिरवू नका. भावाशेजारी तारीख हवी, कारण मार्चचा भाव मेमध्ये टिकत नाही.

हे सगळं कागदावर स्क्रीन काढून लोकांना दाखवा. पाच जणांत बहुतेक अडचणी दिसतात, असं वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलं. गट दोन असतील तर प्रत्येकी तीन-चार माणसं घ्या. त्यांच्यासमोर गप्प बसा, बोट कुठे अडतं ते टिपा. पेटी भरणाऱ्यांना डिसेंबर-जानेवारीतच गाठा, एप्रिलमध्ये त्यांना मान वर करायला फुरसत नसते.