जुन्या वाड्याचं संग्रहालय करताना कुठली वस्तू कुठे ठेवावी

वाड्याचं संग्रहालय आणि कलाकेंद्र करायचं ठरलं की सगळ्यांना आधी काचेची कपाटं हवी असतात. मी हट्टाने दोनच गोष्टी मागितल्या होत्या: प्रत्येक खोलीत एक आर्द्रतामापक आणि सगळ्यांत मिळून एक लक्समीटर, म्हणजे उजेड लक्स या एककात मोजणारा मीटर. वर्षभर नोंदी ठेवा, मगच भिंतीत खिळा ठोका, असं मी आजही सांगते.

सकाळ, दुपार, संध्याकाळ प्रत्येक भिंतीजवळ मीटर धरायचा. कापड, जलरंग, हस्तलिखितं, जुने फोटो यांच्यावर ५० लक्सच्या वर उजेड नको; तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. उन्हाच्या खिडकीपाशी आकडा हजारोंत जातो. आमच्याकडे एक निळी शाल दिवाणखान्यात वर्षानुवर्षं घडी घालून मांडलेली होती. उलगडली, तर घडीच्या आत गडद निळा रंग आणि वरचा पट्टा पार राखाडी. उडालेला रंग परत येत नाही. आता ती शाल अंधाऱ्या आतल्या खोलीत चार महिने दाखवतो, बाकीचं वर्ष ती पेटीत असते.

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असली की निभावतं. ६५ च्या वर राहिली की बुरशी आलीच. पण खरा घात करतात ते अचानक होणारे चढउतार. त्यांनी लाकूड तडकतं. बाहेरच्या भिंतीवर चित्र लावावंच लागलं, तर चौकटीमागे बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते.

भिंतीला लोणा धरला, म्हणजे ओलीमुळे क्षाराची पांढरी पूड आली, तर सिमेंटचा गिलावा मुळीच करू नका. पोर्टलँड सिमेंटचं पेटंटच १८२४ सालचं, त्याआधीची घरं चुन्यात बांधलेली. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं आणि विटांचा भुगा होतो. आधी पन्हळ बघा, गळती बहुतेक वेळा तिथेच सापडते.

मातीकामाचा वर्ग तळमजल्यावर ठेवा. नाचाचा वर्ग माडीवर न्यायचा असेल, तर आधी तुळया इंजिनियरकडून तपासून घ्या.

लोकरीची वस्तू देणगीत आली, की दाखल क्रमांक देऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा, कसर मरते. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी उघडू नका. पूर्ण एक दिवस जाऊ द्या, नाहीतर गार कापडावर दव धरतं.