तीन लाखांत जुनी मोटार घेताना: आधी कागद, मग इंजिन, रंग शेवटी

हाताशी ३ लाख रुपये असतील, तर ३ लाखांची गाडी पाहायला जाऊ नये. अडीच लाखांपर्यंतची पाहावी आणि उरलेले ५० हजार बाजूला काढून ठेवावेत, कारण जुन्या गाडीची खरी कामे व्यवहार झाल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत निघतात. लहान गाडीचे चारही टायर बदलायचे म्हटले, तर साधारण १२ ते १६ हजार रुपये जातात. बॅटरीला चार-पाच हजार, क्लच बसवायचा झाला तर मजुरीसकट सात-आठ हजार. नाव बदलण्याचा आणि विम्याचा खर्च त्याहून वेगळा. ‘गाडीला एक रुपयाचे काम नाही’ असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले, तरी ही शिल्लक मोडू नये.

किंमत ठरवताना विक्रेत्याने सहा वर्षांपूर्वी किती मोजले, याचा काहीच उपयोग नसतो. तेच मॉडेल आज नवे कितीला मिळते, एवढेच पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या, आणि त्यामुळे जुन्यांच्या जुन्या भावाला आता आधार राहिलेला नाही. घासाघीस करताना हा मुद्दा निःसंकोच पुढे करावा.

आता गाडी कोणती. अडीच लाखांत वॅगनआर, ऑल्टो के१०, सेलेरियो, जुनी स्विफ्ट, ग्रँड आय१०, पेट्रोलवरची अमेझ किंवा टोयोटाची इटिऑस अशी नावे समोर येतात. या गाड्यांचे कौतुक कोणी फारसे करत नाही. परंतु त्यांचा कोणताही भाग तालुक्याच्या गावी मिळतो आणि कोणत्याही मेकॅनिकचा त्यांवर हात बसलेला असतो, आणि बजेट तोकडे असताना हाच गुण सर्वांत मोठा आहे. शेव्हरोलेने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, डॅटसन २०२२ मध्ये गेली. त्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात आणि काही खरोखर दणकट आहेत, पण एखाद्या सेन्सरसाठी गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये उभी ठेवणे ज्यांना परवडते त्यांनीच त्या वाटेला जावे. हीच गोष्ट मोठ्या, महागड्या गाडीची: तिची किंमत चौथाईवर आली, तरी तिच्या सुट्या भागांची किंमत कमी होत नाही.

महिन्याला १५०० किलोमीटरपेक्षा जास्त धावणे नसेल, तर डिझेलचा मोह टाळावा, कारण ॲव्हरेजमध्ये वाचलेले पैसे इंजेक्टर आणि टर्बोच्या एकाच दुरुस्तीत परत जातात. दिल्ली परिसरात डिझेल गाडीला १० आणि पेट्रोल गाडीला १५ वर्षांची सरसकट मर्यादा २०२५ पर्यंत होती, त्यामुळे तिकडच्या गाड्या फार स्वस्तात इकडे येत आल्या आहेत. त्यांच्यासाठी तेथील आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवी नोंदणी हे सगळे धरले की स्वस्ताई बरीचशी ओसरते. वयाचेही भान ठेवावे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते, आणि त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाले. पर्यावरण कर त्यावर वेगळा. शक्य असेल, तर जुलै २०१९ नंतर तयार झालेली गाडी शोधावी, कारण तोपर्यंत एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि निदान चालकापुरती एअरबॅग सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली होती.

गाडी आवडली की लोक बोनेट उघडतात. त्याआधी कागद उघडावेत. गाडीचा क्रमांक सरकारच्या एम-परिवहन ॲपवर टाकला की मालक कितवा, इंधन कोणते, नोंदणी आणि विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे कळते. बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. ‘हप्ते केव्हाच फिटले’ हे वाक्य कागद नव्हे. आरसीवरचा (नोंदणीपत्रावरचा) चेसिस क्रमांक गाडीवर ठोकलेल्या क्रमांकाशी आकडा-आकडा जुळवून पाहावा. गाडी पूर्वी टॅक्सी होती का, हेही विचारावे. सीएनजी असेल, तर तशी नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करावयाची चाचणी झालेली हवी.

सर्वांत बोलका कागद मात्र विम्याची पॉलिसी असते, आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. पॉलिसीत ‘नो क्लेम बोनस’ नावाची एक ओळ असते. भरपाई न मागता एक वर्ष गेले की पुढच्या पॉलिसीत २० टक्के सूट मिळते, नंतर २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. मध्ये एकदा जरी भरपाई घेतली तरी हिशेब शून्यावर येतो. म्हणजे सात वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या, ‘साधा ओरखडाही नाही’ अशा गाडीच्या पॉलिसीत २० टक्के दिसत असेल, तर त्याआधीच्या एखाद्या वर्षी काहीतरी घडले असण्याचा दाट संभव आहे. विमा ९० दिवसांपेक्षा जास्त काळ खंडित राहिला तरी सूट जाते, त्यामुळे लगेच आरोप करू नये. मागच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी शांतपणे मागाव्यात आणि उत्तर ऐकावे. बंपरचा क्लेम असेल तर विक्रेता सहज सांगतो. मोठा असेल, तर त्याला कागद सापडत नाहीत.

मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये. तो मागे घेणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये झालेल्या प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी किलोमीटरची नोंद होते, तो इतिहास मालकामार्फत मागवावा. तो नसेल, तर गाडीलाच विचारावे. ४० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत झालेले नसते आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड बसलेली नसते. टायरच्या बाजूवर चार अंक असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०१९ च्या गाडीचे सगळे टायर २०२२ चे असतील आणि मीटर ३० हजार दाखवत असेल, तर विक्रेता, मीटर आणि टायर या तिघांपैकी कोणीतरी खोटे बोलत आहे, आणि टायर तर बोलत नाहीत.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन आधी सुरू करू नये असे विक्रेत्याला बजावून ठेवावे. पोहोचल्यावर प्रथम बोनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले, तर थंड इंजिन सुरू होताना काय होते ते आपल्याला दिसू नये, अशी व्यवस्था झाली आहे असे समजावे. सुरू करताना दुसऱ्या कोणाला तरी मागे उभे करावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे; थंडीतली वाफ विरल्यानंतरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) आत शिरत असण्याची शंका घ्यावी. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाळ साय दिसली, तर पाण्याचा संशय आणखी पक्का होतो, आणि मग गाडी कितीही स्वस्त असली तरी परत फिरावे.

अपघाताच्या खुणा शोधायला रंगाची जाण लागत नाही. बोनेट आणि दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट पाहावेत, त्यांवरचा रंग पान्याने उडालेला असेल तर तो भाग कधीतरी उतरवला गेला आहे. दाराचे रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके पाहावेत. कारखान्यातले ठिपके सारख्या अंतरावर असतात, गॅरेजमधले नसतात. पत्र्यावर लांबी (पोचे बुजवणारी पुट्टी) किती भरली आहे ते बोटाने वाजवून कळते, आवाज बद्द येतो. दार किंवा फेंडर रंगवलेला असणे हा गुन्हा नव्हे, भाव कमी करण्याचे ते निमित्त आहे. पिलर (छत पेलणारे खांब) किंवा चेसिस (खालचा सांगाडा) सरळ केलेली गाडी मात्र घेऊच नये.

महापुरात बुडालेल्या गाडीबद्दल थोडे सविस्तर सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्या पासिंगची प्रत्येक गाडी बुडालेली नसते, आणि बुडालेली गाडी सहसा त्या गावात विकलीही जात नाही. मागे एका परिचित कुटुंबाबरोबर मी २०१७ ची वॅगनआर पाहायला गेलो होतो. सीटकव्हर नवे, मॅटिंग नवे, आणि आत सुगंधी फवारा इतका मारलेला की काचा खाली कराव्या लागल्या. मी पुढचा सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून काढला. एरवी रिळात गुंडाळलेली राहणारी शेवटची हातभर पट्टी मातकट आणि कडक झालेली होती. मग डिकीतली स्टेपनी उचलली. तिच्या खालच्या खोलगट भागात, कडेच्या खाचेत, बारीक वाळलेला गाळ होता. विक्रेत्याने काही न विचारताच २० हजार कमी केले. आम्ही चहा घेऊन निघालो. पाण्यात गेलेल्या गाडीचे इंजिन साफ होते, वायरिंग होत नाही. ती दीड वर्षाने, भर पावसात, मधोमध रस्त्यात बंद पडते.

चालवून पाहताना रेडिओ बंद ठेवावा आणि निदान अर्धा तास फिरवावी, त्यात एखादा चढ, एखादा खराब रस्ता आणि थोडा वाहतुकीचा पट्टा असावा. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच संपलेला आहे. गतिरोधकावर खडखड झाली तर सस्पेन्शनचे काम आहे. हे दोन्ही दोष पैशांत मोजता येतात आणि किमतीतून वजा करता येतात. गिअर अडकणे किंवा इंजिनचे तापमान चढणे यांचा हिशेब आधी करता येत नाही. एसी पूर्ण वेळ चालू ठेवावा.

एवढे करूनही शेवटचा शब्द आपल्या ओळखीच्या मेकॅनिकचा असावा, विक्रेत्याच्या ओळखीच्या नव्हे. हजार-दीड हजार रुपये देऊन गाडी रॅम्पवर चढवून घ्यावी, खालून गंज आणि ऑइलगळती पाहावी, इंजिनातले दोष दाखवणारा स्कॅनर लावून घ्यावा. कोकण, मुंबई आणि गोव्याच्या गाड्यांचा खालचा पत्रा खाऱ्या हवेने खाल्लेला असतो, तो वरून कधीच दिसत नाही. ऑल्टो ८०० सारख्या गाडीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या भागांचा मेळ राखणारा रबरी पट्टा) असतो. तो कधी बदलला याची पावती नसेल, तर तो ताबडतोब बदलण्याचा खर्च धरून चालावा, आणि पट्ट्याऐवजी चेन असलेल्या मारुतीच्या के-सिरीज इंजिनाची सवय असलेल्यांच्या हे लक्षातही येत नाही.

व्यवहार ठरला की इसार थोडाच द्यावा आणि पावतीवर गाडीचा क्रमांक, ठरलेली रक्कम व कागद न मिळाल्यास इसार परत करण्याची अट लिहून घ्यावी. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या समोर घ्याव्यात. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची असते; विम्यासाठीही १४ दिवसांतच अर्ज करावा, अन्यथा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळताना अडचण येते. विक्रेत्याची नो क्लेम सूट त्याच्याबरोबर जाते, त्यामुळे विम्याचा थोडा फरक आपल्याला भरावा लागतो. थकलेली ई-चलाने त्याच बैठकीत, त्याच्याच फोनवरून भरून घ्यावीत. आणि ताबा घेतल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहावी, कारण त्या दिवशी सकाळी त्याने तोडलेल्या सिग्नलचे चलान आठवड्याने येते, आणि तोपर्यंत किल्ली आपल्या खिशात असते.