केमोतला थकवा: मुलाला नुसतं झोपवून ठेवू नका

केमो (कॅन्सरची केमोथेरपी) चालू असलेलं मूल दहा तास झोपून उठतं आणि तासाभरात पुन्हा आडवं होतं. खेळून आलेला थकवा झोपेने जातो, हा जात नाही. घरचे मायेपोटी त्याला अंथरुणातून उठूच देत नाहीत आणि तिथेच नुकसान होतं. आठवडा-दोन आठवडे पडून राहिलं की मांड्यांचे स्नायू झिजतात, मग साधा जिनाही जड जातो आणि मूल अजून पडून राहतं. मुलांमधल्या या थकव्यावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही ठाम शिफारस आहे ती शारीरिक हालचालीची, गोळ्या-औषधांची नाही.

पण आधी कारण शोधा. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांनी काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, सर्वांत खाली येतात. हिमोग्लोबिन ७ च्या आसपास उतरलं की धाप लागते, ओठ पांढुरके दिसतात. तेव्हा रक्त द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाने पायाच्या नसा कमजोर होतात. मुलाला टाचांवर चालायला सांगा. चवडे वर उचलता येत नसतील, चालताना पाऊल आपटत असेल, तर तो थकवा नाही, फिजिओथेरपिस्टला दाखवायची गोष्ट आहे. डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन ही केमोची औषधं घेतलेल्या मुलाला सपाट झोपल्यावर धाप लागली किंवा पायांवर सूज आली, तर त्याच दिवशी कळवा, कारण या औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. डोक्याला रेडिएशन दिलं असेल तर पुढच्या महिना-दोन महिन्यांत काही दिवस मूल खूप झोपाळू होऊ शकतं. ते बहुधा आपोआप ओसरतं, तरी डॉक्टरांच्या कानावर घालाच.

या गोष्टींसाठी सकाळची वाट पाहू नका: १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप (रुग्णालयाने वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा), हलवूनही नीट जाग न येणं, असंबद्ध बोलणं, डोकेदुखीसोबत उलट्या, न थांबणारा रक्तस्राव. ताप उतरवायला आधी पॅरासिटामॉल देऊन थांबायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. स्टेरॉइड नुकतंच बंद झालं असताना ताप, उलट्या आणि गळून जाणं एकत्र आलं, तर स्टेरॉइड कधी थांबलं ते तिथे आवर्जून सांगा. अशा वेळी शरीर स्वतःचं स्टेरॉइड पुरेसं बनवत नसतं.

कारण तपासून झालं की एक वही करा. सकाळ, दुपार, संध्याकाळ थकव्याला ० ते १० आकडा द्यायचा, आणि तो मुलानेच द्यायचा. लहानग्याला तीन चेहरे काढून त्यातला एक दाखवायला सांगा. शेजारी केमोची तारीख, झोपेचे तास आणि काय केलं ते लिहा. दोन-तीन आठवड्यांत दिसेल की बरी वेळ कोणती. बऱ्याच मुलांची ती सकाळची असते. त्या वेळेत अंघोळ, औषधं, पाहुणे सगळं कोंबू नका. ती मुलाच्या आवडीच्या एका गोष्टीसाठी ठेवा. अंघोळ स्टुलावर बसवून घाला, जमिनीवरच्या ताटाऐवजी टेबल द्या. वाचलेली ताकद खेळायला येते.

हालचाल घरातच, ५ मिनिटं चालण्यापासून, दिवसातून दोनदा सुरू करा. जमलं तर तीन-चार दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे; वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. खुर्चीतून हात न टेकता ५ वेळा उठ-बस, हळूहळू १० वेळा. पाय लांब करून चवड्याला ओढणी अडकवायची, स्वतःकडे ओढून ३० सेकंद धरायची, असं तीनदा. प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) ५०,००० च्या खाली असताना सायकल, उड्या, चेंडूची मारामारी नको. २०,००० च्या खाली काय चालेल ते डॉक्टरांना विचारूनच. ताप असेल त्या दिवशी व्यायाम बंद. किशोरवयीन मुलाची जांघ किंवा गुडघा दुखत राहिला तर व्यायाम रेटू नका. स्टेरॉइडमुळे हाडाचा रक्तपुरवठा बिघडलेला असू शकतो.

ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) मेंटेनन्समध्ये, म्हणजे उपचाराच्या शेवटच्या लांब टप्प्यात, अनेक ठिकाणी दर चार आठवड्यांनी पाच दिवस स्टेरॉइड असतं. त्या दिवसांत झोप मोडते, भूक खवळते, चिडचिड होते, आणि गोळ्या थांबल्यावर दोन-तीन दिवस मूल गळून जातं. कॅलेंडरवर तो आठवडा आधीच खुणा करून ठेवा. परीक्षा, लग्न, प्रवास त्यात नको. संध्याकाळचा डोस लवकर देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून वेळ बदलू नका. दुपारची डुलकी तीनच्या आत, पाऊण तासापर्यंत. मोबाइल झोपायच्या तासभर आधी बाहेरच्या खोलीत.

खाणं दर दोन-तीन तासांनी थोडं: तूप घातलेला मऊ वरणभात, नाचणीची पेज, पूर्ण उकडलेलं अंडं. सगळं ताजं आणि शिजलेलं. ‘ताकदीचं टॉनिक’ मात्र देऊ नका. इथला रक्तक्षय बहुतेकदा अस्थिमज्जा (हाडांतला रक्त बनवणारा भाग) दबल्यामुळे असतो, लोहाच्या गोळीने तो भरत नाही. वारंवार रक्त चढलेल्या मुलाच्या अंगात लोह आधीच जास्त साठतं. टॉनिकमधलं फॉलिक अ‍ॅसिड मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाच्या कामाच्या आड येऊ शकतं. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. जवळच्या दवाखान्यात ‘अशक्तपणाची सलाईन’ लावूनही हा थकवा जात नाही. उलट काउंट कमी असताना प्रत्येक सुईने संसर्गाचा धोका वाढतो.

शाळा पूर्ण बंद करण्यापेक्षा डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दोन तासांपासून सुरू करा. वर्गशिक्षकांना सांगून पहिल्या मजल्याचा वर्ग खाली मिळतो का बघा, पीटीऐवजी बसून काही करू द्या. पाठांतर २० मिनिटं, मग विसावा.

तेरा-चौदा वर्षांचं मूल थकवा लपवतं, किंवा कोणी ‘आळशी’ म्हटलं की गप्प होतं. त्या शब्दाला घरात आणि नातेवाइकांत सक्त मनाई हवी. दिवस कसा आखायचा ते त्यालाच ठरवू द्या. थकलेल्या मुलाला मित्र आला तर बरं वाटतं, फक्त फार वेळ बसवत नाही. मित्रही नकोसा झाला, आवडीचा खेळ दोन आठवडे दुर्लक्षित राहिला, ‘कशाला करायचं’ असं येऊ लागलं, तर पुढच्या ओपीडीला वही घेऊन जा आणि समुपदेशकाची भेट मागून घ्या. जगावंसं वाटत नाही असं काही बोललं, तर पुढच्या तारखेसाठी थांबू नका, लगेच फोन करा.