डोक्याला मार लागलेला पोलीस घरी आला की घरच्यांनी काय करायचं

आमचा दादा हेड कॉन्स्टेबल. बंदोबस्त उरकून रात्री बाईकवरून घरी येताना हायवेवर गाडीनं उडवलं, मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त साचलं, ऑपरेशन झालं आणि आता बऱ्यापैकी सावरलाय. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अशा केसी काय कमी नाहीत, कुणीतरी नंबर मिळवून फोन करतं आणि विचारतं घरी आणल्यावर तुम्ही काय केलं, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. औषधपाणी डॉक्टर सांगतील तेच, मी घरातलं आणि गल्लीतलं सांगतो.

डिस्चार्जच्या आधी तिथल्या सिस्टरकडून सगळं हातानं करून शिकून घ्या, नुसतं बघून जमत नाही. नळीतून भरवताना पेशंटला टेकवून बसवायचं आणि नंतरपण अर्धा तास तसंच ठेवायचं, पडून असेल तर दर २ तासांनी कूस बदलायची नाहीतर पाठीला जखमा होतात. कवटीचा तुकडा काढून ठेवला असेल तर त्या बाजूवर झोपवू नका, उठून चालायला लागला की हेल्मेट पाहिजेच. आणि तोंडानं द्यायला परवानगी मिळेपर्यंत "घोटभर पाणी तरी देऊया की" असं म्हणणाऱ्या मावशीला लांब ठेवा, कारण गिळता येत नसलं तर पातळ पाणीच आधी श्वासनलिकेत जातं.

फिट आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान सरकवा, घड्याळ बघा. चप्पल, कांदा, चमचा काही नको, तोंडात तर काहीच घालायचं नाही. ५ मिनिटांत थांबली नाही किंवा एकामागून एक आली तर सरळ दवाखाना. फिटच्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत. देवाचा अंगारा लावायचा तर लावा, त्याला कुणाची ना नाही, पण गोळी पण द्या. घरी आल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा जास्त झोपाळू वाटला, उलट्या व्हायला लागल्या, डोकं दुखणं वाढलं किंवा हातपाय ढिले पडले तर उद्यावर ढकलू नका, परत रक्त किंवा पाणी साचलेलं असू शकतं.

आता जे कुणी सांगत नाही ते. दादा जेवताना ताटातला उजवीकडचा भात आमटी संपवायचा, डावीकडची भाजी तशीच, आणि वर "भाजी का वाढली नाहीस" म्हणून वैनीवर चिडायचा. डोळे चांगले होते, पण मेंदू डावी बाजू मोजतच नव्हता, दाढीपण उजव्या गालाचीच करायचा. फिजिओवाल्यांनी सांगितलं डाव्या कडेला ठळक खूण ठेवा, तर वैनीनं ताटाच्या डाव्या काठाला लाल टिकली चिकटवली आणि आधी टिकली शोध मग जेव असं चालू केलं. आम्ही पण मुद्दाम डाव्या बाजूला बसून बोलायचो, त्याला मान वळवायला लागायची. रोज तेच तेच, कंटाळा येतो, पण हळूहळू वळायला लागली मान. चालताना मात्र डावीकडं माणूस पाहिजेच, दाराची चौकट डाव्या खांद्यालाच लागते.

माणसांचं नियोजन हे सगळ्यात मोठं काम, असं माझं मत. आपल्याकडं माणसं कमी पडत नाहीत, उलट एकदम येतात. पार्ले घेऊन दहा जण कॉटभोवती आणि प्रत्येकाचं एकच, "मला वळखलास काय, सांग बघू मी कोण". दुखावलेल्या मेंदूला इतके आवाज एकदम झेपत नाहीत, मग तो पांघरूण तोंडावर ओढून घेतो नाहीतर खेकसतो. एका वेळी एक, फार तर दोन माणसं, पंधरा मिनिटं, टीव्ही बंद. आणि आल्या आल्या आपणच नाव सांगायचं, परीक्षा घ्यायची नाही. हे सगळ्यांना तोंडी सांगून वाईटपणा येतो म्हणून आम्ही दारावर कागद लावला, मराठीत आणि कन्नडमध्ये पण.

मग "काय लागलं तर सांगा" म्हणणाऱ्या प्रत्येकाला तिथंच एक काम द्यायचं, नुसतं हो बरं म्हणून सोडायचं नाही. तालमीतला एक पोरगा सकाळी चालवायला, शेजारचे रिटायर्ड गुरुजी दुपारी पेपर वाचून घ्यायला, पोलीस स्टेशनचा एक जण दवाखान्याच्या तारखेला गाडी घेऊन, बचत गटातल्या बायका आठवड्यातून दोनदा वैनीला झोपायला मिळावं म्हणून. भिंतीवर पांढरा बोर्ड लावून वर तारीख, वार आणि खाली कोण कधी येणार हे लिहायचं, स्टेशनात ड्युटी चार्ट असतो तसं. दादाला ते लगेच पटलं. कोण उशिरा आला तर "लेट का?" म्हणून विचारायला लागला तेव्हा सगळी गल्ली हसली.

राग येतो, तो मुद्दाम नसतो. मेंदूचा पुढचा भाग ब्रेकचं काम करतो आणि बऱ्याचदा तोच दुखावलेला असतो. वाद घालू नका, विषय बदला, नाहीतर खोलीतून बाहेर जा. पोरांना पण बसवून समजावून सांगा, त्यांना वाटतं बाबा आपल्यावरच चिडलेत. थकवा आळस समजू नका. दारू पूर्ण बंद, मित्रांनापण बजावून ठेवा. मोबाईलवरचं पैसे पाठवायचं ॲप काही महिने दुसऱ्याकडं ठेवा, ओटीपी मागणाऱ्याला हा माणूस देऊन टाकेल, पोलीस असला तरी.

कागदपत्रं पहिल्या आठवड्यातच गोळा करा. एफआयआर, दवाखान्याचा एमएलसी (पोलीस केस म्हणून डॉक्टरनं केलेली नोंद), त्या दिवशीच्या ड्युटीची नोंद, सगळी बिलं. अपघाताच्या भरपाईचा दावा ६ महिन्यांत टाकायचा नियम २०२२ पासून आहे, वकील लवकर गाठा. कर्नाटक पोलिसांना उपचारासाठी आरोग्य भाग्य योजना आहे, पण निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं, तिथलं हॉस्पिटल योजनेच्या यादीत आहे का ते आधी विचारा. पुढच्या रिहॅबसाठी, म्हणजे परत चालतं बोलतं करायच्या उपचारांसाठी, बेंगळूरच्या निम्हान्सला (मेंदूच्या आजारांचा मोठा सरकारी दवाखाना) वेगळा विभाग आहे, राणी चन्नम्मा रेल्वेनं रात्रीत जाता येतं.

नोकरीचं टेन्शन सगळ्यांना असतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कलम २०(४) आहे, नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, पदही कमी करता येत नाही, जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. काही खात्यांना या नियमातून सरकार सूट देऊ शकतं, म्हणून ऑफिसला लेखी विचारा आणि पोच घ्या. पहिले सहा महिने सुधारणा जोरात होते, नंतर सावकाश पण वर्षानुवर्षं चालू राहते, त्यामुळं लवकर राजीनामा लिहून देऊ नका. परत जाताना आधी अर्धा दिवस, टपाल किंवा कॉम्प्युटरचं काम. शस्त्र नको, गाडी चालवणं नको, नाईट तर अजिबात नको कारण झोप मोडली की फिट येऊ शकते. बेळगावात बंदोबस्त संपत नाहीत, गणपती, १ नोव्हेंबरचा राज्योत्सव आणि काळा दिन, सुवर्णसौधमधलं विधिमंडळाचं अधिवेशन, म्हणून "बंदोबस्त आणि नाईट लावू नये" हे डॉक्टरच्या लेटरहेडवर लिहून घ्या आणि एक कॉपी स्टेशनात, एक घरी ठेवा, साहेब बदलले की परत दाखवावी लागते.