जुन्या चेनसॉचं पेट्रोल उकळतंय? आधी झाकणावरचा हात काढा

गेल्या मे महिन्यात इंदूरजवळ सिमरोलच्या वाटेवरच्या आमच्या मळ्यात वादळात पडलेला कडुनिंब कापत होतो. दुपारचे दोन वाजलेले, लू सुटलेली. जुनं चेनसॉ मशीन घरघर करत बंद पडलं. पेट्रोल संपलं असेल म्हणून मेव्हण्याने टाकीचं झाकण फिरवलं, तर आतून पेट्रोलचा फवाराच उडाला. त्याच्या छातीवर, हातावर आणि गरम सायलेन्सरवरसुद्धा. पेटलं नाही हे आमचं नशीब. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

म्हणून पहिली पायरी हीच: गरम मशीन बंद पडलं तर झाकणाला हात लावू नका. सावलीत, सपाट जागी, झाकण वरच्या बाजूला येईल असं ठेवा आणि निदान अर्धा तास थांबा. मग झाकणावर जाड सुती फडकं धरून, तोंड बाजूला करून, हळूहळू सैल करा. फुस्स आवाज आला तर तिथेच थांबा, आवाज पूर्ण बंद झाल्यावरच पुढे फिरवा. जवळ विडी-काडी नको. अमेरिकेत वणवे विझवणारी माणसं अशा उडालेल्या पेट्रोलने भाजली आहेत. तिथे याला ‘फ्यूल गायझर’ असं नावच पडलंय आणि अर्ध्याहून जास्त भरलेली टाकी सगळ्यात धोक्याची मानतात.

हे होतं कशामुळे? पाणी १०० अंशांना उकळतं, तसा पेट्रोलचा एकच आकडा नाही. त्यातले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतात, आणि मे महिन्यात इंदुरात पारा तिथे पोचलेलाच असतो. त्यात इंजिनाची धग मिळाली की टाकीत दाब वाढतो, कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, वाफेचे बुडबुडे होतात, इंजिनाला पेट्रोल कमी पडतं. पेट्रोल कमी पडलं की इंजिन आणखी तापतं. ऋतू आपल्या हातात नाही, मशीनची धग मात्र कमी करता येते.

मशीन थंड झाल्यावर प्लगची टोपी काढून ठेवा आणि दोरीच्या बाजूचं कव्हर उघडा. आत फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकाला, पंख्याची पाती असतात, तीच सिलिंडरच्या फिन्सवर, म्हणजे बाहेरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांवर, हवा फेकतात. आमच्या मशीनच्या फिन्स दिसतच नव्हत्या. भुसा आणि तेल मिळून डांबरासारखी काळी पोळी बसली होती. नखाने खरवडली तर वरचा पापुद्रा निघायचा, खाली पुन्हा तेवढीच जाड. हे काम बांबूच्या काडीने आणि जुन्या टूथब्रशने करा, स्क्रू ड्रायव्हरने नको, कारण पातं तुटलं तर नवा रोग मागे लागतो. वरचं कव्हर काढून सिलिंडरची मागची बाजूही साफ करा. कचरा तिथे जास्त साचतो आणि टाकीही त्याच बाजूला असते. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

कव्हर उघडलंच आहे तर कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे ना, ते बघून घ्या. जुन्या मशीनमध्ये कुणी तरी दुरुस्तीच्या वेळी तो काढून टाकलेला असतो. सायलेन्सरच्या सांध्याजवळ काजळीचा पट्टा दिसला तर गॅस्केट फुटलंय, गरम धूर आतच फिरतोय.

आता चेन. कापताना लाकडाचे कीस पडायला हवेत. पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर चेन बोथट आहे, तुम्ही जोर लावताय आणि इंजिन विनाकारण तापतंय. कानस मारा.

पेट्रोलकडे नीट लक्ष द्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुनी मशीनं त्या हिशेबाने बनलेली नाहीत. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. रबराच्या जुन्या नळ्याही त्याने फुगतात, चिरतात. नळी वाकवून बघा, भेगा दिसल्या तर नळी आणि टाकीतला फिल्टर एकदमच बदला. इंदूरच्या सियागंज बाजारात एका चकरेत दोन्ही मिळून जातात. पेट्रोल-तेलाचं मिश्रण महिन्याभरापेक्षा जुनं वापरू नका. तेलाचं प्रमाण पुस्तिकेत दिलंय तेवढंच: ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, ४०:१ असेल तर २५ मिली. ‘गरम होतंय, थोडं तेल जास्त घाल’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. तेल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, इंजिन उलट जास्त तापतं.

टाकीच्या व्हेंटचं, म्हणजे हवेच्या बारीक वाटेचं, काम हवा आत घेणं. बऱ्याच मशीनमध्ये तो बाहेर काही सोडत नाही, म्हणून उन्हाळ्यात थोडा दाब धरणं स्वाभाविक आहे. पण मशीन दहा मिनिटं चालून बंद पडत असेल, आणि गार झाल्यावर झाकण सैल करताना हवा आत ओढल्याचा आवाज येत असेल, तर व्हेंट चोंदलाय.

शेवटी प्लग काढून रंग बघा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढुरका असेल तर पेट्रोल कमी पडतंय: कार्बोरेटरवरचा ‘एच’ लिहिलेला स्क्रू डावीकडे अगदी किंचित फिरवा आणि आवाज ऐका. भार नसताना पूर्ण रेसवर आवाज जरा फाटका यायला हवा, शिट्टीसारखा चिरका नको.

काम थांबवताना मशीन लगेच बंद करू नका. मिनिटभर मंद चालू ठेवा. पंखा फिरत राहतो तोवर धग बाहेर जाते. एकदम बंद केलं तर तीच धग टाकीत उतरते.

एवढं करूनही रेस सोडल्यावर इंजिन झटकन खाली येत नसेल, तर कुठून तरी हवा शिरतेय, बहुतेक क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, सीलमधून. त्याला दाबाची चाचणी लागते. ते काम मिस्त्रीकडे द्या, आणि तोवर मशीन चालवू नका, पिस्टन जाईल.