हातातली काच आणि चार्टमधला शब्द

मालाडच्या ऑफिसात आम्ही पेशंटच्या चार्टमधल्या इजा-आजारांना आणि उपचारांना ठरलेले कोड लावतो. तिथे नवीन मुलं चार्ट घेऊन माझ्या टेबलापाशी येतात, तेव्हा हमखास विचारतात, "ताई, जखमेत काच होती, पण डॉक्टरांनी काढून टाकली. मग विथ फॉरेन बॉडी लावायचं की विदाउट?" फॉरेन बॉडी म्हणजे जखमेत शिरलेली बाहेरची वस्तू. विथच लावायचं. डॉक्टरांसमोर आली तेव्हा जखम कशी होती, ते कोड सांगतो. काच निघाली म्हणून ती नव्हतीच असं होत नाही.

या एका शब्दावर मी इतकी का अडते ते सांगते. कोडिंगमध्ये येण्याआधी मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स होते. गणपतीच्या दिवसांत मंडपाचं काम करणारा एक पोरगा आला. ट्यूबलाइट फुटून डाव्या हाताला कोपराखाली कापलं होतं. केसपेपरवर लिहिलं गेलं : सीएलडब्ल्यू लेफ्ट फोरआर्म, सुचरिंग डन, टीटी गिव्हन. म्हणजे कोपर ते मनगट या भागात डावीकडे फाटलेली जखम, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. एक्सरे नाही, काचेचा उल्लेख नाही. तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा टाक्यांच्या कडेला फुगून पू झाला होता. सर्जननी चिमट्याने काढलेला तुकडा किडनी ट्रेमध्ये टाकला तेव्हा टिक् असा आवाज आला. तांदळाच्या दाण्याएवढी काच. त्याची आई जुना केसपेपर पुढे करून म्हणाली, "ट्यूब फुटली हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." खरंच सांगितलं होतं. मीच ऐकलं होतं, आणि कागदावर उतरवलं नव्हतं.

आता आपण अमेरिकेतले चार्ट कोड करतो, आयसीडी-१०-सीएम या निदानाच्या कोडयादीवर. तिथे हे वापरणं १ ऑक्टोबर २०१५ पासून सक्तीचं आहे आणि दर १ ऑक्टोबरला नवी यादी लागू होते. त्यामुळे जुन्या वहीतले कोड आधी ताडून बघायचे.

चार्ट उघडल्यावर पहिल्यांदा जागा पक्की करा. आपल्याकडे दंड, कोपर, मनगट, पंजा असे चोख शब्द आहेत, तरी बोलताना सगळा 'हात'च होतो. तिकडच्या नोटमध्ये 'आर्म' या शब्दाचं अगदी तसंच होतं. कोडबुकात मात्र खांदा आणि दंड एस४१ मध्ये, कोपर आणि फोरआर्म एस५१ मध्ये, मनगटापासून बोटांपर्यंत एस६१ मध्ये. नुसतं 'आर्म' दिसलं की दंडाचा कोड लावून पुढे जाऊ नका. एक्सरे कुठल्या भागाचा काढला, प्रोसीजर नोटमध्ये काय लिहिलंय, हे वाचा.

मग जखम चिरलेली की घुसलेली ते बघा. फोरआर्मचं उदाहरण घ्या : एस५१.८१ म्हणजे लॅसरेशन (चिरलेली), वस्तूशिवाय, एस५१.८२ वस्तूसह; एस५१.८३ पंक्चर (घुसलेली), वस्तूशिवाय, एस५१.८४ पंक्चर, वस्तूसह. सहावा आकडा बाजूचा, उजव्याला १, डाव्याला २. ९ म्हणजे बाजू माहीत नाही. पण ९ लावण्याआधी नर्सची ट्रायाज नोट (पेशंट आल्याआल्या केलेली नोंद) वाचा. डॉक्टरांनी बाजू लिहिली नसेल तर इतर क्लिनिशियनच्या नोंदीवरून ती घ्यायला गाइडलाइन परवानगी देते. म्हणजे त्या मंडपातल्या पोराचा पहिल्या दिवसाचा कोड व्हायला हवा होता एस५१.८२२ए. कागदावर जे होतं त्यावरून मात्र एस५१.८१२ए एवढाच झाला असता.

शेवटच्या अक्षरावर सगळ्यात जास्त चुका होतात. 'ए' म्हणजे पहिली भेट नव्हे. 'ए' म्हणजे त्या जखमेवर प्रत्यक्ष उपचार चालू आहेत. राहिलेली काच काढायला तीन आठवड्यांनी आला तरी 'ए'च, आणि जखमेत इन्फेक्शन असेल तर त्याचा कोड वेगळा जोडायचा. टाके काढायला आला तर 'डी', म्हणजे उपचारानंतरची देखभाल. तिथे मुलं टाके काढण्याचा झेड४८.०२ लावतात, पण इजेच्या बाबतीत आफ्टरकेअरचे (नंतरच्या देखभालीचे) झेड कोड चालत नाहीत, त्याच इजेचा कोड 'डी'सकट लावायचा.

वरच्यावर रुतलेला काटा किंवा कुसळ असेल तर ती उघडी जखम धरत नाहीत. फोरआर्मला एस५०.८५ खाली जा. काचेने कापलं असेल तर कारणाचा कोड डब्ल्यू२५.एक्सएक्सएक्सए. मधले एक्स गाळले तर 'ए' सातव्या जागी बसत नाही आणि कोड बाद होतो.

आता प्रश्नचिन्हाचं. इमर्जन्सीची भेट आउटपेशंट धरतात, आणि आउटपेशंटमध्ये 'पॉसिबल', 'सस्पेक्टेड' किंवा शब्दापुढे नुसतं प्रश्नचिन्ह असलेलं निदान कोड करायचं नसतं. 'क्वेश्चन एफबी' (फॉरेन बॉडी असावी का?) लिहून पुढे काहीच सापडलं नसेल तर विदाउट. एक्सरेत काही दिसलं नाही एवढ्यावर मात्र समाधान मानू नका. काच एक्सरेत बहुतेक वेळा दिसते. लाकूड, काटा, प्लास्टिक सहसा दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफी करतात. म्हणून चार्टमध्ये सोनोग्राफीचा रिपोर्ट आहे का ते शोधा.

प्रोसीजरकडे वळलात की 'इन्सिजन' हा शब्द शोधा. प्रोसीजरचे कोड सीपीटी या वेगळ्या यादीतले; त्यातल्या वस्तू काढण्याच्या १०१२० ला छेद घेतलेला असावा लागतो. उघड्या जखमेतून नुसत्या चिमट्याने तुकडा उचलला असेल तर तो कोड मिळत नाही, ते काम भेटीच्या कोडमध्येच येतं. फोरआर्ममध्ये खोलवर शोधून काढलं असेल तर २५२४८. दंडात किंवा कोपरापाशी त्वचेखालून २४२००, स्नायूतून २४२०१. टाक्यांना लांबी सेंटिमीटरमध्ये हवी : एका थरात २.६ ते ७.५ असेल तर १२००२, थराथरात शिवलं असेल, म्हणजे इंटरमीडिएट, तर १२०३२. जखम फार मळलेली असून बारीक कण काढत खूप धुवावी लागली असेल, तर एकाच थराची शिवणही इंटरमीडिएट धरतात. पण ते धुणं नोटमध्ये दिसायला हवं.

माझ्या ओळखीचे आरएमओ (हॉस्पिटलचे निवासी डॉक्टर) विचारतात, आम्ही नेमकं काय लिहू? सर, वस्तू कोणती, किती तुकडे, केवढे, किती खोल, छेद घेतला का, सगळे निघाले की एखादा राहिला, आणि काढल्यानंतरचा एक्सरे. चार ओळींत मावतं. नस, शीर, टेंडन तपासलं तर तेही. मुद्दाम आत ठेवलेल्या काचेसाठी झेड१८.८१ आहे, पण 'ठेवली' हे तुम्ही लिहिलंत तरच आम्ही तो लावणार.

आणि जिथे नोंदी जुळत नाहीत तिथे अंदाज नको, डॉक्टरांना क्वेरी (लेखी प्रश्न) टाका. "विथ फॉरेन बॉडी लिहाल का?" असं विचारायचं नाही, ते उत्तर तोंडात घालणं झालं. मी मुलांना हा नमुना देते : "एक्सरे रिपोर्टमध्ये डाव्या फोरआर्ममध्ये ४ मिलिमीटरची वस्तू नोंदवली आहे. प्रोसीजर नोटमध्ये तिचा उल्लेख नाही. जखमेत बाह्य वस्तू होती का, असल्यास कोणती, आणि ती काढली की राहिली, हे कृपया स्पष्ट करावे. सांगता येत नसल्यास तसे नमूद करावे." उत्तर येईपर्यंत चार्ट होल्डवर. टार्गेट कमी भरलं तर माझं नाव सांगा.